चालायलीय नं गाडी?

मोटारीच्या इंजिनात नेमकं काय चाललंय, हे चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. आवाज ऐकायचा, धूर बघायचा, बॉनेटवर हात ठेवून अंदाज घ्यायचा, एवढंच आपल्या हाती. प्लगची गोष्ट वेगळी. त्याचं अर्धं अंग आगीत असतं आणि अर्धं वाऱ्यावर. इंजिन 3000 फेऱ्यांनी फिरत असेल तर एकेक प्लग मिनिटाला 1500 ठिणग्या टाकतो, आणि आत जे काही जळतं-करपतं त्याची नोंद स्वतःच्या अंगावर घेऊन बसतो. म्हणून जुने मिस्त्री मालकाचं गाऱ्हाणं ऐकता ऐकताच प्लग पाना हुडकायला लागतात. मालक काय, काहीही सांगतो.

ही नोंद वाचायला फार शिकावं लागत नाही. टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं तर तब्येत ठणठणीत. कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त, हवा कमी. ओली, तेलकट काजळी असली तर रिंगा गेल्या किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल उतरतंय; अशा वेळी मिस्त्री आधी चहा मागवतो आणि खर्चाचा आकडा चहा संपल्यावर सांगतो. टोक पांढरंफटक, फोड आल्यासारखं दिसलं तर इंजिन तापतंय, पेट्रोल कमी पडतंय नाहीतर टायमिंग पुढं गेलंय.

विष्णुपुरीत आमच्या शेजारच्या साहेबांच्या गाडीतून निघालेले चार प्लग यातल्या कुठल्याच रकान्यात बसेनात. रंग सुरेख बिस्किटी. काजळी नाही, ऑइल नाही, फोड नाहीत. पण झीज भलतीकडेच.

प्लगच्या टोकाला दोन धातू समोरासमोर असतात. मधोमध चिनीमातीतून डोकं वर काढणारी बारीक दांडी, आणि कडेने येऊन तिच्यावर वाकलेली पट्टी. दोघींमध्ये फट असते, या गाडीला पंचवीस थाऊ, म्हणजे साधारण 0.64 मिलिमीटर. झिजायची ती मधली दांडी. तिच्या कडा हळूहळू गोल होतात, फट वाढते, करंट उडी मारायला कुरकुर करतो, आणि आपण नवा मायको घेऊन येतो. (मायको कंपनीचं नाव 2008 साली बदलून बॉश झालं. आमच्याकडच्या दुकानांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.) साहेबांच्या चारही प्लगांत मधली दांडी कोरी करकरीत, कडा धारदार; आणि वरच्या पट्टीला खळगा. नळाखालच्या फरशीला वर्षानुवर्षं थेंब पडून पडतो, तसा गोलसर, गुळगुळीत खळगा. चारही पट्ट्यांना एकसारखा. एखादा प्लग बिघडला तर त्याचं नशीब म्हणता येतं. चौघांनी ठरवून उलटीकडून झिजावं म्हणजे काहीतरी मामला होता.

गाडी मॉरिस मायनर. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने जिला बेबी हिंदुस्थान म्हणून विकलं, तिची ही विलायती बहीण. ॲलेक इसिगोनिस नावाच्या माणसाने तिचा आराखडा केला, 1948 साली ती बाजारात आली. खुद्द कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना ती आवडली नव्हती. पाण्यात शिजवलेल्या अंड्याची उपमा देऊन त्यांनी नाक मुरडलं होतं. इसिगोनिसलाही पहिल्यांदा ती अरुंद वाटली, तेव्हा त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापली, दोन भाग चार इंच लांब सरकवले आणि मधली जागा भरून टाकली. म्हणून मायनरच्या बॉनेटवर मधोमध ती रुंद, सपाट पट्टी दिसते. जन्मालाच जिचा भांग असा पाडला गेला, ती पुढे ब्रिटनमधली दहा लाखांचा आकडा ओलांडणारी पहिली मोटार ठरली. साहेब हे सगळं पाहुण्यांना सांगतात. पाहुणे पाणी मागतात.

2021 सालच्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नाशी उलटलेली मोटार मूळ रूपात असेल तर ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरप्लेटवर व्हीए अशी वेगळी अक्षरं मिळतात. मात्र तशी नोंद केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. साहेबांना हे मान्य नाही. गाडी एमएच-26वरच ठेवून ते तिच्यातून भाजी आणतात. सरकारने पन्नाशीनंतर माणसांनाही असंच भाजी आणण्यापासून मोकळं केलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांचं मत आहे.

आता विष्णुपुरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हे प्लग दुसऱ्या गावात निघाले असते तर प्रकरण एवढं वाढलं नसतं. नांदेडहून लातूर रस्त्याने गोदावरी ओलांडून आलं की काही किलोमीटरच्या टापूत काय नाही? 1981 साली सुरू झालेलं श्री गुरु गोबिंद सिंघजी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. 1994चं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ जवळच. शंकरराव चव्हाणांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि दवाखाना. नदीवर बंधारा, त्याच्या मागे शंकरसागर जलाशय, नांदेड शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार. आणि ते पाणी उचलून वरच्या शेतांना देणारा उपसा सिंचन प्रकल्प. काठावर काळेश्वराचं देऊळ. म्हणजे या गावात एखादी वस्तू बिघडली तर तिच्यावर बोलायला अभियंता, डॉक्टर, प्राध्यापक, पाटबंधाऱ्याचा माणूस आणि देव, सगळे हाकेच्या अंतरावर. दुरुस्तीला मात्र शहरातून देगलूर नाक्याकडचे चाचा बोलवावे लागतात.

साहेबांनी ते चार प्लग जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ओट्यावर ठेवले होते. संध्याकाळी फिरायला निघालेला प्रत्येक माणूस तिथे थांबू लागला.

समोरच्या घरातले डॉक्टर सर्वांत आधी. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून प्लग उजेडात धरला आणि विचारलं, “हे कधीपासून?” मग म्हणाले, “भूक कशी आहे?” साहेबांनी सांगितलं, ॲव्हरेज थोडं कमी झालंय. “सकाळी उठताना त्रास?” होय, थंड इंजिनाला तीन-चारदा सेल्फ मारावा लागतो. “चढताना दम लागतो?” लोह्याकडे जाताना जरा चढ आला की मिसिंग मारते. डॉक्टर समाधानाने मान हलवत राहिले. सगळी लक्षणं जुळत होती, फक्त रोग कोणता ते कळत नव्हतं. आणखी तपासण्या कराव्या लागतील, असं म्हणून ते फिरायला गेले.

दूध घालायला येणाऱ्या शेतकऱ्याचा निकाल एका वाक्यात होता. “उसाचं पेट्रोल हाय, मालक.” त्याचा स्वतःचा ऊस याच पाण्यावर वाढतो. गोदावरीचं पाणी उसाला, उसाची मळी डिस्टिलरीला, तिथलं इथेनॉल पेट्रोलला, आणि ते पेट्रोल पुन्हा गोदावरीच्या काठी साहेबांच्या टाकीत. 2025पर्यंत पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायला लागलेच होते. बोलणं अगदी वाऱ्यावरचं नव्हतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलोच पुरते. जुन्या कार्बुरेटरला हे कोण सांगणार? तो पूर्वीच्याच मापाने हवा देत राहतो, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. शिवाय जुनी रबरी नळी इथेनॉलने लवकर विरते. पण तसं असतं तर प्लग पांढरे निघाले असते. हे तर बिस्किटी. शेतकऱ्याने दोष मागे घेतला नाही. उसावर एवढे आरोप होतात, त्यात आणखी एकाने काय बिघडतं!

साहेबांच्या वरच्या खोलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा भाड्याने राहतो. त्याने प्लगचा फोटो काढला, मोठा करून पाहिला, आणि ए-सिरीज इंजिनाच्या हेडमधले दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर धूर बाहेर टाकायला एकच तोंड वापरतात, त्यामुळे तिथे उष्णता जास्त साठते, हे कागदावर काढून दाखवलं. माहिती खरी होती, चित्रही छान होतं. पण मग दोन-तीनचेच प्लग वेगळे दिसायला हवेत. चारही सारखे कसे? मुलगा म्हणाला, “सर, मी उद्या बघून सांगतो.” हे वाक्य ज्याला प्रामाणिकपणे म्हणता येतं तो पुढे चांगला इंजिनिअर होतो, असं मला वाटतं. माझ्या ओळखीच्या बऱ्याच इंजिनिअरांना ते कधी म्हणता आलेलं नाही.

विद्यापीठातल्या इतिहासाच्या सरांनी प्लगला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “या आधी गाडीचं काय काय केलं, त्याचे कागद आहेत का?” सगळे हसले. इतिहासवाल्यांना दुसरं काय सुचणार!

मग चाचा आले. चाचांची भाषा ही नांदेडच्या गॅरेजांची भाषा, दख्खनीत मराठी आणि मराठीत थोडी पंजाबी. त्यांनी प्लग नखाने टोकरला, पट्टीच्या खळग्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ये उल्टा कायकू खाया?” डेल्को (म्हणजे डिस्ट्रिब्यूटर) उघडला, पॉइंटची फट फिलर गेजने पाहिली, पंधरा थाऊ, बरोबर. कंडेन्सर बदलून पाहिला. वायरी पाहिल्या. शेवटी हात पुसत म्हणाले, नवे प्लग टाकू या, चालवा. गाडी चालू तर आहे.

गाडी चालू तर आहे! आमच्या भागात कुठल्याही तपासाचा शेवट इथे होतो. खोकला आहे पण माणूस चालतोय, पत्रा गळतो पण घर उभं आहे, शाळेत मास्तर नाहीत पण शाळा भरते. “चालायलीय नं?” असं विचारलं की समोरच्याला हो म्हणावंच लागतं, आणि हो म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायला लाज वाटते. मला या वाक्याचा राग येत नाही. दुष्काळी मुलखात बंद न पडणं ही लहान गोष्ट नव्हे. पण बंद पडलेल्या गाडीभोवती चार माणसं जमतात, हे मात्र खरं. चालणाऱ्या गाडीचं दुखणं कुणी बघत नाही.

साहेब बघत होते, कारण त्यांची उमेदीची वर्षं पंपांच्या संगतीत गेली. त्या रात्री ओट्यावर बसून त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. कालव्याच्या कडेला एका शेतकऱ्याची तीन फेजची मोटर होती. डीपी दुरुस्त झाला, तेव्हा दोन फेज उलटसुलट जोडले गेले आणि मोटर उलटी फिरू लागली. गंमत अशी की सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच दिशेने वर चढवतो. फक्त कमी चढवतो. पाइपातून पाणी येत होतं, म्हणून शेतकऱ्याने विहिरीला दोष दिला, मग पाइपाला, मग भावकीला. “पाणी आलंच नसतं तर अर्ध्या तासात कळलं असतं,” साहेब म्हणाले. “येत होतं म्हणून दोन हंगाम गेले.”

बोलता बोलता ते थांबले आणि आत जाऊन गाडीची फाइल घेऊन आले. इतिहासाच्या सरांना हसणाऱ्यांत तेही होते, पण फाइल ठेवणारेही तेच. टायर, ब्रेक, सीटकव्हर, आणि त्याखाली एका परगावच्या कामाची पावती: डायनॅमो काढून मारुतीचा आल्टरनेटर बसवला. 

इथे थोडी विजेची भानगड समजून घ्यावी लागते. आजच्या गाड्यांत बॅटरीचं मायनस टोक बॉडीला जोडलेलं असतं. मायनरसारख्या त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत ते नेमकं उलट असे, प्लस बॉडीला. तारांच्या टोकांना गंज कमी चढतो, असं तेव्हा मानत. डायनॅमोला दोन्ही रीती चालतात. आल्टरनेटरला चालत नाहीत. उलटा जोडला तर त्यातले डायोड क्षणात जातात. म्हणून आल्टरनेटर बसवणाऱ्याने बॅटरी फिरवली आणि मायनस बॉडीला आणलं. ते बरोबरच होतं. दिवे लागले, हॉर्न वाजला, सेल्फ फिरला, गाडी सुरू झाली. यातल्या एकालाही विजेची दिशा बदलल्याने फरक पडत नाही.

फरक पडतो इग्निशन कॉइलला. बॅटरीच्या 12 व्होल्टांचे हजारो व्होल्ट करून प्लगकडे पाठवायचं काम तिचं. तिच्या डोक्यावर दोन टर्मिनल असतात. जुन्या लुकास कॉइलवर एकाला एसडब्ल्यू लिहिलेलं, ते स्विचचं, आणि दुसऱ्याला सीबी, ते पॉइंटचं. बॅटरी फिरवली की या दोन तारांची अदलाबदल करायला हवी. ती राहिली होती. राहिली तरी गाडी चालते, हाच तर घोटाळा. ठिणगी म्हणजे इलेक्ट्रॉनांची मायनसकडून प्लसकडे उडी, आणि तापलेला धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो. प्लगमधली दांडी चिनीमातीत गुरफटलेली, तिची उष्णता सहजी निघत नाही; वाकडी पट्टी सरळ हेडच्या लोखंडाशी जोडलेली, म्हणून तुलनेने थंड. तेव्हा दांडी मायनस ठेवली तर ठिणगी कमी कष्टात पडते. उलट झालं की तेवढ्याच उडीला 15 ते 40 टक्के जास्त व्होल्ट लागतात. एरवी कॉइल ते देतेही. पण थंड सकाळी, किंवा चढावर सिलिंडरमधला दाब वाढल्यावर, तिची ताकद पुरत नाही. डॉक्टरांनी विचारलेली लक्षणं तंतोतंत.

आणि खळगा? तो वरच्या मुलाने सांगितला. त्याचा ‘उद्या’ खरोखरच दुसऱ्या दिवशी उगवला होता. ठिणगीच्या वाटेतल्या वायूचे प्लस झालेले कण मायनस टोकावर जाऊन आदळतात आणि त्या धातूचे कण उडवतात. मायनस दांडी असेल तर दांडी झिजते. मायनस पट्टी असेल तर पट्टीला खळगा पडतो. प्लग पहिल्या दिवसापासून खरं सांगत होते.

चाचांना हे सगळं ऐकवल्यावर त्यांनी कान खाजवला. पुस्तकाला ते मान देतात, पण विश्वास डोळ्यांवर. “साब, घर में पेन्सिल है?” साहेबांच्या नातवाच्या कंपासपेटीतून नटराजची पेन्सिल आली, टोक नुकतंच काढलेलं. ही परीक्षा चाचांनी पोरवयात पाहिली होती, पण बॅटऱ्या सगळ्याच गाड्यांत एका रीतीच्या झाल्यापासून तिची गरज उरली नव्हती. चालू इंजिनात एका प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीने उचलायची, प्लगच्या डोक्यापासून थोडी लांब धरायची आणि मधल्या जागेत पेन्सिलीचं शिसं न्यायचं. ठिणगी शिशातून जाते. जोडणी सुलट असेल तर शिशापासून प्लगच्या बाजूला नारिंगी झाक दिसते. उलट असेल तर वायरच्या बाजूला. चाचांनी सगळ्यांना सावली करायला सांगितलं. आम्ही मॉरिसवर ओणवे झालो: डॉक्टर, मुलगा, इतिहासाचे सर, दुधाची किटली घेऊन शेतकरी. झाक वायरकडे होती. लख्ख.

“उल्टाच है,” चाचा म्हणाले आणि नातवाने आपली पेन्सिल परत मागितली.

पुढचं काम दोन नटांचं. इकडची तार तिकडे, तिकडची इकडे. पुन्हा पेन्सिल लावली, आता झाक प्लगकडे. नवे प्लग पंचवीस थाऊला लावले. सकाळी गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली आणि लोह्याच्या चढावर तिने एकदाही आचका दिला नाही. चाचांनी मजुरी घ्यायला नकार दिला. दोन तारा बदलायचे काय घ्यायचे? साहेबांनी आग्रह केला तेव्हा त्यांनी कंडेन्सरचे पैसे घेतले. कंडेन्सर, म्हणजे ज्याची गरज नव्हती तेवढीच वस्तू.

एक तिढा मात्र साहेबांनी मुद्दाम ठेवून घेतला. डॅशबोर्डखाली आधीच्या कुणा मालकाने ॲमीटर लावलेला आहे, मधोमध शून्य, एका बाजूला चार्ज, दुसऱ्या बाजूला डिस्चार्ज. आल्टरनेटर बसल्यापासून बॅटरी भरत असली की काटा डिस्चार्जकडे झुकायचा. गाडीत बसणारा प्रत्येक जण म्हणायचा, मीटर खराब आहे. तोही बिचारा बॅटरी फिरल्याचंच सांगत होता. चाचा त्याच्याही तारा बदलायला निघाले तेव्हा साहेबांनी हात धरला. एवढी वर्षं त्यांनी काटा उलटा वाचायची सवय लावून घेतली आहे. आता तो सुलट झाला तर घाटात दचकायला होईल म्हणाले.

कॉलनीत या प्रकरणाची चर्चा पुष्कळ दिवस चालली, आणि तिचा शेवट बोअरवेलच्या मोटरपाशी झाला. टाकी भरायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो ही तक्रार जुनीच होती. साहेबांची गोष्ट ऐकलेल्यांनी आता हट्ट धरला की मोटर उलटी फिरत असणार. रविवारी वायरमन बोलावला. त्याने फेज तपासले, अदलाबदल करून मोटर चालवून पाहिली, पाणी आणखी कमी आलं, म्हणून पुन्हा पूर्वीसारखं जोडून दिलं. मोटर सुलटच होती. जमलेल्या मंडळींचा चांगलाच हिरमोड झाला. शेतकरी म्हणाला, बोअरमधलं पाणीच खाली गेलंय, मालक. त्यावर कुणाला काही सुचेना. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि सगळे चहा प्यायला साहेबांच्या ओट्यावर गेले.